चहा कोणाच्या हातचा?

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक नवी टूम निघाली आहे. दिवाणखान्यांत बांबूचें एक जाळीदार तबक मांडलेलें असतें. त्यावर मुठींत मावेल एवढी मातीची किटली, बोळक्याएवढे चारसहा पेले, एक लांकडी चिमटा, आणि कोपऱ्यांत एक मातीचा बेडूक. हा सारा सरंजाम चिनी चहाचा. पाहुण्यास समोर बसवून यजमान मोठ्या गांभीर्यानें सांगतात कीं, हा पांच हजार वर्षांचा विधि आहे, त्यानें चित्त शांत होतें, अंगावरची चरबी झडते, आणि ही किटली तर कधीं धुवावयाचीच नसते. पाहुणा मान डोलावतो, तें कडवट कोमट पाणी घोटभर गिळतो, आणि घरीं परततांना कोपऱ्यावरच्या अमृततुल्यांत शिरतो.

या टुमेची थट्टा करणें सोपें आहे. पण थट्टेसाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. चिनी रीतीचा चहा घरीं करून पाहावा, अवश्य पाहावा, अशाच मताचे आम्ही आहों. आमची तक्रार निराळी आहे. त्या रीतींतील जें जें विकत मिळतें तें तें आमच्या लोकांनीं उचललें, आणि जें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं तेवढें नेमकें टाकून दिलें. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

प्रथम त्या पांच हजार वर्षांचा समाचार घेऊं. चहाचें पान चीनांत फार प्राचीन, याविषयीं वाद नाहीं. आठव्या शतकांत लू यू या पंडितानें 'चा चिंग' नांवाचा तीन भागांचा व दहा प्रकरणांचा ग्रंथ केवळ चहावर लिहिला. परंतु त्याच्या काळचा चहा म्हणजे पानांच्या थापून वाळविलेल्या वड्या. वडी भाजावयाची, दळून तिची पूड करावयाची, आणि किंचित् मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यांत ती शिजवावयाची. पुढें सुंग राजवटींत ही पूड पेल्यांतच घालून बांबूच्या कुंचल्यानें घुसळूं लागले. ह्वीझुंग या सम्राटानें ११०७ च्या सुमारास त्यावर स्वतः ग्रंथ रचला. १३९१ सालीं मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू यानें वड्यांचा नजराणा बंद करून सुटें पान मागविण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर पान पाण्यांत मुरवून पिण्याची रीत सर्वत्र रुळली. यीशिंग येथील जांभळ्या मातीच्या किटल्या नांवारूपास आल्या त्या सोळाव्या शतकांत. लहान किटली, इवलेसे पेले, पुष्कळ पान आणि थोडें पाणी ही जी प्रस्तुतची रीत, ती तर फुजियान आणि चाओचौ या दक्षिण किनाऱ्याकडील मुलखाची. युआन मेई हा प्रसिद्ध कवि १७८६ सालीं वूयी पर्वतावर गेला, तेव्हां तेथील मठांतून त्याला अशा चिमुकल्या पेल्यांतून चहा मिळाला. त्यापूर्वीं हा रसिक त्या चहास औषधासारखा कडू म्हणून नांवें ठेवीत असे. राहिला तो सुवास घेण्याचा उभट पेला, व सगळ्या पेल्यांचा रस आधीं एकत्र करण्याचें भांडें. हीं दोन्हीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तैवानांतील चहागृहांनीं रूढ केलीं. म्हणजे आमचे यजमान ज्यास पांच हजार वर्षांचा विधि म्हणतात, त्यांतील कांहीं भांड्यांची चाल त्यांच्या स्वतःच्या वयाहून फारशी मोठी नाहीं.

यावरून ती रीत खोटी ठरते असें नव्हे. २०२२ सालीं युनेस्कोनें चीनमधील चहा तयार करण्याच्या पारंपरिक कला व त्यांच्याशीं निगडित चालीरीति यांस मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें, तें यथायोग्यच झालें. पण जी परंपरा शिजविण्यावरून घुसळण्यावर व घुसळण्यावरून मुरविण्यावर आली, ती जिवंत माणसांनीं गरजेप्रमाणें बदलीत आणलेली परंपरा आहे. तिला सोंवळ्यांत गुंडाळून देव्हाऱ्यांत बसविण्याचा उद्योग आमचा आहे, चिनी माणसाचा नव्हे.

हा विधीचा घोटाळा आमच्याकडे आला तो बहुतांशीं इंग्रजी पुस्तकांच्या वाटेनें. जपानांत चहाचा एक खरोखरीचा विधि आहे. सेन नो रिक्यू यानें सोळाव्या शतकांत त्यास वळण लावलें, आणि ओकाकुरा यांनीं १९०६ सालीं इंग्रजींत लिहिलेल्या पुस्तकानें त्याची कीर्ति जगभर केली. त्यांतील प्रत्येक हालचाल ठरलेली असते. तो विधि थोर आहे, परंतु तो निराळा आहे. त्याची झूल चिनी किटलीवर घालण्यांत कांहीं अर्थ नाहीं. चिनी लोक आपल्या या रीतीस 'कुंगफू चहा' म्हणतात. कुंगफू म्हटलें कीं आमच्या मुलांस चित्रपटांतील लाथाबुक्क्या आठवतात. पण त्या शब्दाचा मूळ अर्थ कष्टानें आणि काळानें अंगीं मुरलेलें कसब एवढाच आहे. सुताराचा रंधा, वैद्याची नाडीपरीक्षा, सुगरणीची पुरणपोळी, हें सर्व कुंगफूच. आपल्याकडे ज्यास 'हात बसणें' म्हणतात, तें हें. तेव्हां त्या रीतीच्या नांवांतच कामाचा आणि हाताचा उल्लेख आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडेल.

आतां तें कसब काय आहे तें पाहूं. साधारण १०० ते १२० मिलिलिटर पाणी राहील असें एक झांकणाचें भांडें घ्यावें. चीनांत त्यास 'गायवान' म्हणतात, म्हणजे निव्वळ झांकणाची वाटी, आणि खालीं बशी. ती आधीं उकळत्या पाण्यानें विसळून गरम करावी व तींत ऊलाँग जातीचें ५ ते ७ ग्रॅम पान घालावें. इंग्रजी रीतींत २०० मिलिलिटर पाण्यास दोनतीन ग्रॅम पान घेऊन तें तीन ते पांच मिनिटें मुरवितात. येथें पान पाण्याच्या मानानें चौपट, आणि वेळ मात्र दहापंधरा सेकंद. पाणी ओतावें, झांकण किंचित् तिरकें धरावें, आणि रस शेवटच्या थेंबापर्यंत पेल्यांत उतरवावा. मागें राहिलेलें पाणी पानास नाहक तुरट करीत राहतें. मग त्याच पानावर पुन्हां पाणी, पुन्हां थोडा अधिक वेळ. असें सहासात वेळां. पानांतील सुगंधी व गोडसर द्रव्यें पाण्यांत लौकर उतरतात, तुरट व कडू द्रव्यें मागाहून रेंगाळत येतात. म्हणून हा घाईचा आणि वारंवारतेचा खटाटोप. पहिल्या खेपेस सुवास पुढें येतो, तिसऱ्याचौथ्या खेपेस चव भरते, आणि अखेरीस नुसता गोडवा उरतो. एकाच पानाची ही वाटचाल पाहण्यांत सगळा आनंद आहे.

हिरव्या चहास मात्र उकळतें पाणी सोसत नाहीं. त्यास ७५ ते ८५ अंश पुरे. हांगचौचा लुंगचिंग चहा तर तेथील लोक सरळ उंच कांचेच्या पेल्यांत करतात, म्हणजे पानें पाण्यांत उलगडतांना दिसतात. यासाठीं उष्णतामापक विकत घेण्याचें कारण नाहीं. उकळलेलें पाणी एका थंड भांड्यांतून दुसऱ्यांत ओतलें कीं तें निवूं लागतें, आणि एकदोन वेळां ओततांच हिरव्या पानाच्या बेताचें होतें. शिवाय उकळणें म्हणजे सर्वत्र शंभर अंश असेंहि नाहीं. पुण्यास पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें, महाबळेश्वरास ९५-९६ वर. पाण्याच्या जातीकडे मात्र लक्ष हवें. लू यूनें डोंगरच्या झऱ्याचें पाणी उत्तम, नदीचें मध्यम आणि विहिरीचें कनिष्ठ ठरविलें आहे. आपल्याकडील कूपनलिकेचें जड पाणी ज्यानें चहास वापरून पाहिलें असेल, आणि वर धरणारी मळकट साय ज्यानें पाहिली असेल, तो त्या पंडिताची पाठ थोपटील.

या सर्वांत बांबूचें तबक कोठें आलें? बेडूक कोठें आला? लू यूनें चोवीस उपकरणें सांगितलीं आहेत, आणि शहरांत बड्या घरीं त्यांतलें एक जरी उणें असलें तरी चहा बुडालाच असाहि त्याचा दंडक आहे. पण रानांत झऱ्याकांठीं चहा करणाऱ्यास त्यानेंच त्यांतील पुष्कळांची माफी दिली आहे. आजहि चीनांत असंख्य माणसें कचेरींत आणि आगगाडींत झांकणाच्या पेल्यांत अगर कांचेच्या बरणींत चिमूटभर पान टाकून दिवसभर त्यावर गरम पाणी ओतीत असतात. यीशिंगची माती झिलईवांचूनची व सच्छिद्र असल्यामुळें चहाचा वास धरते, म्हणून त्या किटलीस साबण लावीत नाहींत, हें खरें. पण नुसत्या पाण्यानें तिला धुतातच. आंत पानें कुजत ठेवा असें कोणत्याहि चिनी आचार्यानें सांगितलेलें नाहीं. औषधी गुणांची गोष्ट तर बोलावयासच नको. जो चहा विकण्यासाठीं विक्रेत्यास वैद्याचा वेष घ्यावा लागतो, तो चहा चवीला बेताचाच असणार, हें ओळखावें.

दुसऱ्या बाजूस आमचे सनातनी आहेतच. 'ज्यांत दूध नाहीं, साखर नाहीं, तो चहा कसला? तें कोमट पाणी!' असें ते म्हणतात. या मंडळींस वाटतें कीं दुधाचा चहा आपल्या पूर्वजांपासून चालत आला. वस्तुतः तो आपल्या घरांत सार्वत्रिक झाला विसाव्या शतकांत, आणि त्यासाठीं चहाच्या मळेवाल्यांच्या मंडळांस गांवोगांव फुकट पेले वाटीत हिंडावें लागलें. त्यांचा उपदेश असा कीं, पान उकळूं नका, मुरवा, आणि दूध वरून घाला. आमच्या आज्यांनीं चहा घेतला आणि उपदेश परत केला. आधण, दूध, साखर, आलें, गवती चहा असें सर्व एकत्र उकळून त्यांनीं एक स्वतंत्र पेय निर्माण केलें. लू यूनें चहांत आलें, पुदिना, संत्र्याची साल वगैरे घालणाऱ्यांस फार झोडपलें आहे. त्याच्या मतें असला चहा गटारांत ओतण्याच्या लायकीचा. या मुद्द्यावर आम्ही त्या थोर पुरुषाच्या विरुद्ध आणि आज्यांच्या बाजूस आहों. परंतु प्रत्येक पानाचा धर्म वेगळा असतो. १९३० च्या सुमारास आसामांत पान चिरडून, फाडून, त्याच्या बारीक गोळ्या करणारें यंत्र निघालें. तें पान दुधासमोर टिकावें, लौकर रंग द्यावा, यासाठींच जणुं जन्मलें आहे, आणि एका उकळींत तें आपलें सर्वस्व देऊन मोकळें होतें. तें गायवानांत घालून सात वेळां पाणी ओतणें जितकें हास्यास्पद, तितकेंच ऊलाँग दुधांत उकळणें. ज्यास दोन्हींची रुचि कळते त्यास कोणताच एक सोडावा लागत नाहीं.

येथवर केवळ चवीचा प्रश्न झाला. आणि प्रश्न एवढाच असता तर हा लेख आम्हीं लिहिलाच नसता. आतां मुख्य गोष्टीकडे वळूं.

कुंगफू चहांत करणारा आणि देणारा एकच असतो. यजमान पाहुण्यांच्या समोर बसतो. पाणी तो उकळतो, पान तो घालतो, पेले तो विसळतो, ओततो तो, आणि पुढें करतो तोच. चाओचौकडे दुकानदार गिऱ्हाईकास, कारागीर शेजाऱ्यास असा चहा करून देतात. तेथें माणसें किती कां असेनात, पेले बहुधा तीनच मांडण्याची चाल आहे. म्हणजे प्रत्येकास दुसऱ्यास 'आधीं तुम्ही' म्हणावें लागतें. ओतण्याची रीतहि मार्मिक आहे. एक पेला भरून मग दुसरा असें करीत नाहींत. किटली सर्व पेल्यांवरून गोल फिरवीत थोडें थोडें ओततात, आणि शेवटचे दाट थेंब पुन्हां प्रत्येक पेल्यांत मोजून टाकतात. पहिल्या प्रकारास तेथील लोक क्वान यू या वीराची नगरप्रदक्षिणा म्हणतात, आणि दुसऱ्यास हान शिन या सेनापतीची शिपायांची हजेरी. नांवें गमतीचीं, हेतु मात्र गंभीर. कोणाच्या पेल्यांत फिकट आणि कोणाच्या पेल्यांत दाट, असा पंक्तिप्रपंच होऊं नये, म्हणून ही सारी दक्षता.

पंक्तिप्रपंच हा शब्द आम्हीं मुद्दामच योजिला, कारण तो आमचा आहे आणि ती वस्तुहि आमचीच आहे. या नव्या टुमेच्या एका बैठकीस आम्ही हजर होतों. यजमान तबकामागें ध्यानस्थ बसले होते. पाणी संपलें कीं ते आंत पाहून नुसतें 'पाणी' म्हणत, आणि गृहिणी पदराला हात पुशीत गरम पाण्याचें भांडें आणून ठेवीत. सहा खेपा झाल्या. सहाहि खेपांस त्या उभ्याच होत्या, आणि त्यांच्यासाठीं पेला मांडलेला नव्हता. बैठक आटोपल्यावर तें सगळें बोळकींचें प्रदर्शन मोरीपाशीं गेलें. तेथें भांडीं घासणाऱ्या बाईंस त्यांचा चहा मिळाला, तो कपाटाखालीं उपड्या ठेवलेल्या त्यांच्या निराळ्या स्टीलच्या पेल्यांतून. दिवाणखान्यांत तेवढ्या वेळांत चिनी संस्कृतींतील समरसतेवर भाषण चाललें होतें.

आपल्या समाजांत चहाविषयींचा मूळ प्रश्न पानाचा कधींच नव्हता. तो हाताचा होता. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमधील एका सभेनंतर मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलीं. त्यांत रानडे होते, टिळकहि होते. आणि त्यावरून जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलें व प्रायश्चित्तापर्यंत पोंचलें. त्या पेल्यांतील पान कोणतें होतें हा त्या वादाचा विषयच नव्हता. विषय एकच होता: चहा कोणाच्या हातचा? आज आम्ही त्या प्रकरणास हंसतों. पण ज्या घरांत घासणाऱ्या हातांस निराळा पेला आहे, आणि करणाऱ्या हातांस बसावयास जागा नाहीं, त्या घरास १८९० च्या पुण्यास हंसण्याचा अधिकार कोणी दिला?

कोणी म्हणेल कीं, चीनांत तरी सगळेंच आलबेल कोठें आहे? आक्षेप योग्य आहे. तेथेंहि श्रीमंतांच्या घरीं चहासाठीं पोरें ठेवीत असत. जुन्या चित्रांत तीं चुलीशीं फुंकर घालीत बसलेलीं दिसतात. आम्ही चीनची भाटगिरी करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, दुसऱ्याच्या घरची चाल उचलावयाची तर तिच्यांतील उत्तम भाग उचलावा. दुय्यम भागाचा आपल्याकडे आधींच भरपूर सांठा आहे.

दुसरा कोणी म्हणेल, पुरुषांस चहा करण्याची संवय नाहीं, हात बसलेला नाहीं. ही सबब ऐकून नवल वाटतें. अमृततुल्यांत पातेल्यापाशीं कोण उभा असतो? रेल्वेच्या फलाटावर चहा कोण करतो? पैसे मिळत असले कीं हें काम पुरुषाचें, आणि पैसे मिळत नसले कीं बायकांचें, असा हा न्याय आहे. हात बसत नाहीं, कारण तो बसविण्याची वेळच येऊं दिली जात नाहीं. आणि हात बसविणें हेंच तर त्या 'कुंगफू' शब्दाचें सारसर्वस्व. तें वगळून उरलेल्या चहास काय म्हणावयाचें तें वाचकांनींच ठरवावें.

तिसरा म्हणेल, एवढ्याशा पेल्यांत एवढें समाजशास्त्र कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, मोठ्या तत्त्वांची परीक्षा नेहमीं लहान भांड्यांतच होते. समतेवर व्याख्यान देण्यास व्यासपीठ लागतें. पण समता आहे कीं नाहीं हें पाहण्यास मोरीजवळचे पेले मोजले कीं पुरतें.

म्हणून ज्यांस चिनी चहा घरीं करून पाहावयाचा असेल, त्यांस आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. पैसे पानावर खर्च करावे, तबकावर करूं नयेत. घरांत झांकणाची वाटी आहेच. पाणी स्वतः उकळावें. घरांतील सर्वांस बसवावें, ज्या बाई भांडीं घासावयास येतात त्यांसहि बसवावें, आणि सर्वांपुढें सारखेच पेले मांडावे. किटली त्या सर्वांवरून सारखी फिरवावी व शेवटचा थेंब मोजून वांटावा. स्वतःचा पेला सर्वांच्या मागून उचलावा. उठतांना आपण मांडलेलें आपणच धुवावें. पहिल्या दिवशीं चहा कडू होईल, बोट भाजेल, वेळ चुकेल. महिन्याभरांत हात बसेल. आणि ज्यांस ऊलाँग परवडत नाहीं, अगर रुचत नाहीं, त्यांनीं याच रीतीनें रोजच्या आल्याच्या चहापासून सुरुवात केली, तरी आमची कांहीं हरकत नाहीं.